मेला त्यानं उठायचं

काका, तुमचा तेरावा होऊन गेला आन् मी अजून तुमच्याशी भांडूनच राहिलो. सकाळी शटर वर करताना भांडतो, मशिनीवरची धूळ पुसताना भांडतो, गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी मनातल्या मनात तुमाला उत्तर देणं चालूच असतं. बायको म्हणते, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटता हो. काय सांगू तिला? मेलेल्या माणसासंगं वाद चालू आहे आन् तो माणूस काही ऐकून घेत न्हाई, असं सांगू?

तुमी कधी जन्मले, किती वर्षं नोकरी केली, मागं कोण कोण आहे, हे सगळं पेपरात आलं. फोटोसुद्धा आला. त्या फोटोतल्या माणसाला मी ओळखत न्हाई. तो सरळ समोर बघून राहिला. माझे काका कधी सरळ बसले न्हाईत. ते खुर्चीच्या टोकावर, मान पुढं काढून, जीभ दातात धरून बसायचे, आन् गोळी चुकली की स्वतःच्याच मांडीवर चापट मारायचे. कचेरीतले कारकून आन् नरसीच्या देवळातले पाळीचे पुजारी, एवढंच पेपरवाल्यानं लिहिलं. हिंगोलीतला सगळ्यात बेरकी बंदूकवाला गेला, हे लिहायची त्याची छाती झाली न्हाई. म्हणून मी लिहायला बसलो.

जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांत कॉम्प्युटर आले, आन् तुमच्यासारख्या पन्नाशीला टेकलेल्या कारकुनांना हुकूम सुटला की आता हे शिका. तुमी माझ्या दुकानात आले तेव्हा माझ्यापाशी आठ मशिनी होत्या आन् बाहेर 'संगणक प्रशिक्षण' अशी पाटी होती. मी आपल्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. आयटीआय करून हिंगोलीत दुकान टाकलं म्हणून गावातले लोक मला इंजिनिअर म्हणायचे, पण दुसऱ्याला शिकवायचं कसं ते मला कुठं ठाऊक होतं? तुमचा हात काही माउसवर बसेना. बाण एकीकडं, तुमी दुसरीकडं. एकदा तर तुमी माउस टेबलाच्या कडेपर्यंत आणला आन् मला विचारलं, की आता जागा संपली, पुढं कसं जायचं. मला हसू आलं आन् तुमाला राग आला. मंग मला जे सुचलं ते मी केलं. पोरं खेळायची ती गोळीबाराची गेम तुमाला लावून दिली. म्हणलं, काका, हा समोरचा माणूस दिसून राहिला ना, त्याच्यावर बाण न्या आन् बटन दाबा, हात आपोआप बसंल.

हात बसला. तुमी परीक्षाही पास झाले. पण परीक्षा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुमी पुन्हा दारात, हातात डब्याची पिशवी. नरसीची शेवटची जीप निघायला अजून येळ आहे म्हणले, तेवढ्यात एक डाव होईल का. तो एक डाव सहा-सात वर्षं चालला.

गेम सोपी होती. दोन टोळ्या, चार-चार जणांच्या. समोरच्या टोळीला संपवायचं. एकदा मेलं की डाव संपेपर्यंत मेलंच, नुसतं बघत बसायचं. आमच्याकडं अडचण वेगळीच होती. मशिनी आठ आन् संध्याकाळी खेळायला येणारे वीस. त्याच्यावरून रोज कटकट. कोण आधी आला, कोण किती येळ बसला, कोणाचा कोण लागतो. तुमी चार दिवस ते ऐकून घेतलं आन् पाचव्या दिवशी कचेरीतल्या आवाजात सगळ्यांना ऐकवलं की मेला त्यानं उठायचं. उठून खुर्चीच्या मागं उभं राहायचं, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, कारण मेलेल्याला सगळ्यांचं दिसत असतं, आन् पुढच्या डावाला त्याच्या खुर्चीवर दुसरा बसेल. तुमचा नियम कोणालाच आवडला न्हाई आन् सगळ्यांनी पाळला.

तुमीही पाळला. मेले की तुमी गुमान उठायचे आन् तोंडावर रुमाल धरून उभे राहायचे, कारण रुमाल न्हाई धरला तर तुमच्या तोंडून ओरडा निघायचा हे तुमाला ठाऊक होतं. नवीन आलेल्यांना तुमी सांगायचे की बसून खेळता येतं, पण शिकायचं असेल तर उभं राहावं लागतं. खरं होतं ते. गजू, जो पुढं पुण्याला कॉलेजला गेला आन् आमच्यातला सगळ्यात पक्का खेळणारा झाला, तो तुमच्याच खुर्चीमागं उभा राहून शिकला.

आन् तुमी त्या गेममधल्या जागांना नावं ठेवली होती! मधला लांब रस्ता म्हणजे मोंढ्याचा बाजार. पाण्याची घळ म्हणजे आपली कयाधू नदी. ती दुमजली इमारत म्हणजे तहसील. एकदा एक जण झेरॉक्सला आला होता, परभणीकडचा कोणी असावा. आतून तुमचा आवाज आला, की तहसीलच्या गच्चीवर दोघं आहेत, मोंढ्यातून जा आन् मागून गाठून मार. त्या माणसानं माझ्याकडं बघितलं, कागद तिथंच टाकले आन् निघून गेला. त्याचा सातबारा कितीतरी दिवस माझ्या काउंटरवर पडून होता.

तुमच्या देवळाची पाळी आली की तुमी बंदूक धरायचे न्हाई. पाळी संपेपर्यंत रोज यायचे, मागं उभे राहायचे, बघायचे आन् जीपच्या येळेला जायचे. आमी चिडवायचो की काका, ही बंदूक काय खरी आहे का. तुमी म्हणायचे, खरी नसली तरी मन खरं असतं. पण घरात सुतक आलं की तुमी पहिले इथं! भाऊबंदात कोणी गेलं, कोणाला लेकरू झालं, की तुमी हजर. देवाला हात लावायचा नाही, माउसला चालतो, असं तुमीच सांगितलं होतं मला. तुमच्या भावकीत इतकी माणसं होती की वर्षातून तीन-चार सुतकं तरी निघायचीच, आन् आमी पोरं नालायक, कोणी आजारी आहे म्हणून कळलं की म्हणायचो, आता काकांची टोळी भारी होणार. तुमचं सुतक भावकीनं पाळलं तेव्हा मला हेच आठवलं आन् मी देवळामागं जाऊन एकटाच हसलो. मंग रडलो.

नव्या गेमची वाट आमच्यापेक्षा तुमीच जास्त बघितली. त्याच कंपनीची नवी गेम येणार, इंटरनेटवरून कुठल्याही देशातल्या माणसासंगं खेळता येणार, अशी खबर गजूनं आणली त्या दिवसापासून तुमी रोज विचारून राहिले, आली का रे. घरच्या लग्नाची तारीख विचारावी तसं. मी मशिनींत नवे पार्ट टाकले, ब्रॉडबँड घेतलं. गजू दिवाळीत पुण्याहून आला तेव्हा डिस्क घेऊन आला, आन् तुमी त्या दिवशी कचेरीतून लवकर निघाले.

पहिला डाव मला जसाच्या तसा आठवतो. रंगीबेरंगी कपडे घातलेली माणसं, सोन्याच्या बंदुका, मागं सारखं बँड वाजल्यासारखं म्युझिक. तुमी डोकं वाकडं करून ऐकून राहिले होते. जुन्या गेममधी तुमी पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखायचे, तो आवाजच म्युझिकमधी बुडून गेला होता. मंग कोणीतरी तुमाला मारलं. तुमी सवयीनं उठले, खुर्चीमागं गेले, खिशातून रुमाल काढला आन् तोंडावर धरला. तिकडं पडद्यावर पाच सेकंदांत तुमचा माणूस परत जिवंत होऊन उभा राहिला होता. कोणीच उठलं नव्हतं. मेलेले सगळे जागच्या जागी परत खेळून राहिले होते. गजू म्हणला, काका बसा ना, जिवंत झाले तुमी. पोरं हसली. वाईट मनानं न्हाई हसली, पण हसली.

तुमी रुमाल घडी करून खिशात ठेवला आन् म्हणले, "मेल्यावर उठूसुद्धा देत नाहीत रे हे."

त्याच्यानंतर तुमी नव्या गेमच्या हात धुऊन मागं लागले. इंटरनेटवर जुन्या खेळणाऱ्यांची एक बैठक होती, जगभरातले लोक तिथं कंपनीच्या नावानं बोटं मोडून राहिले होते. गजूची सुट्टी संपेपर्यंत तुमी त्याला बाजूला बसवून ते मराठीत सांगायला लावायचे. कोणी म्हणायचं आमची गेम आम्हाला परत द्या. कोणी म्हणायचं दहा वर्षं ज्यांनी साथ दिली त्यांना विचारलंसुद्धा न्हाई. पोलंडातल्या एका माणसानं लिहिलं होतं, की मेल्यावर वाट बघण्यातच तर खेळाची धडधड होती. तुमी गजूला ते दोनदा वाचायला लावलं. म्हणले, हा माणूस आपल्या नरसीचाच दिसतो. तुमच्या सांगण्यावरून गजूनं त्याला तोडक्यामोडक्या इंग्रजीत उत्तर लिहिलं, आन् त्याचंही उत्तर आलं, तेव्हा तुमी दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला. कंपनीचं म्हणणं एकच, की खेळणाऱ्याला वाट बघायला आवडत न्हाई.

आता माझं ऐका. हे मी तुमाला तेव्हा नीट सांगू शकलो न्हाई, तुमी बोलूच देत नव्हते. मला ती नवी गेम आवडली होती, काका. खरंच आवडली होती. तुमाला उभं राहण्याचं लई कौतुक, कारण दिवसभर तुमी खुर्चीवर. मी लहानपणापासून उभाच होतो. मेंढरांमागं उभा, शाळेत उशिरा गेलो म्हणून बाहेर उभा, आयटीआयला अर्ज घेऊन उभा. नव्या गेममधी कच्चा खेळणारा मेला तरी त्याला कोणी ऊठ म्हणत न्हाई, पाच सेकंदांत तो परत उभा, परत एक चान्स, हे मला लई बरं वाटलं. आन् पोरं दुसऱ्या कॅफेत जाऊ लागली होती. तुमच्या नियमापायी मी दुकानाला कुलूप लावू का? हे मी चुकून बोलून राहिलो न्हाई आन् आज माफी मागायलाही बसलो न्हाई. माझं म्हणणं आजही तेच आहे.

पण नव्या गेममधी प्रत्येकाचं स्वतःचं नाव असायचं, त्या नावावर बिल्ले, त्या नावावर नंबर. दुसऱ्याला आपल्या खुर्चीवर बसू दिलं तर आपला नंबर घसरणार. म्हणून कोणी उठेना. मागं उभं राहणारे आधी ताटकळले, मंग यायचेच बंद झाले. हे माझ्या डोळ्यांसमोर होऊन राहिलं होतं. त्याला मी काय करणार होतो? गेम कंपनीनं बनवली, मी न्हाई.

एका शुक्रवारी मी जुनी गेम मशिनींवरून काढायला घेतली, जागा पुरत नव्हती म्हणून. तुमी नेमके तेव्हाच आले. तुमचा आवाज चढला, माझा चढला. तुमी म्हणले, "मारोतराव, तू मेंढरं राखलीस ना? मेलेलं मेंढरू परत येतं का कधी?"

तुमी मला मारोतराव म्हणायचे ते चेष्टेनं, मायेनं. त्या दिवशी तशी माया नव्हती. माझ्या मेंढरांवर जायचं काही कारण होतं का? मीही म्हणलो, "मेलेल्या मेंढरासाठी आमी रडत बसत न्हाई काका. दुसरं पाळतो."

तुमी डब्याची पिशवी उचलली आन् गेले. दुसऱ्या दिवशी आले न्हाईत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही न्हाई. जुनी गेम मी चार मशिनींवर तशीच ठेवली. मला वाटलं, पाळी असंल. पाळी संपली असंल. सुतक निघालं की येतील. मी मुद्दाम फोन केला न्हाई, तुमीही केला न्हाई, आन् उन्हाळा येऊन गेला. मंग एक दिवस सकाळी नरसीच्या जीपवाल्यानं शटरवर हात मारून सांगितलं की तुमच्या छातीत दुखलं, नांदेडला नेता नेता वाटेतच संपलं.

काकूंना भेटायला आलो तेव्हा बाहेर बायका बसल्या होत्या. काकूंनी मला आत बोलावलं. त्यांनी तक्रार केली न्हाई, नुसतं विचारलं, की मारोती, तुझ्याकडं यायचे रे ते रोज, शेवटी-शेवटी काहून बंद केलं, काही झालं होतं का. पाणी पिऊन उठलो. तो प्रश्न तेव्हापासून माझ्यामागं लागला आहे. एवढ्या वर्षांचं येणं-जाणं तुमी एका गेमपायी तोडून गेले का? आमी तुमचे कोणीच नव्हतो का? जेवताना मधीच उठतो मी, काका.

आन् मागच्या मंगळवारी दुपारी हे झालं. दुकानात कोणी नव्हतं. मी नव्या गेममधी बसलो होतो, सात-आठ अनोळखी नावांसंगं. मला मागून गोळी लागली. कोणी मारलं त्याचं नाव पडद्यावर येतं, ते आलं. नरसीकर.

तुमचं नाव. जुन्या गेममधीही तुमी तेच लिहायचे. नव्या गेममधी एक नाव एकालाच मिळतं, दोघांना न्हाई. मी माउस सोडून मागं सरकलो. पाच सेकंदांनी मी जिवंत झालो, आन् ते नाव समोरून पळत आलं, वेड्यासारखं इकडं-तिकडं गोळ्या झाडत. तुमी असं कधी खेळले नसते. मला राग आला. मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून विचारलं, कोण आहे. उत्तर आलं, वारंगा फाटा, सलीमभाईचं नेट, तू कोण.

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आन् वारंग्याची बस धरली. फाट्यावर टायरच्या दुकानाला लागून एक जुना एसटीडी बूथ आहे, त्याचा नेटकॅफे केलेला. काचेची खोली अजून तशीच, आत तीन मशिनी. दारात गर्दी होती. ट्रकवाले, टायरवाले, बसची वाट बघणारे दोघं-तिघं. एका मशिनीवर तुमचं नाव लागलेलं होतं आन् एक ड्रायव्हर खेळून राहिला होता. तो मेला. मेला आन् खुर्चीवरून उठला. उठून मागं गेला, तोंडावर पंजा धरला आन् उभा राहिला. त्याच्या जागी टायरवाला बसला. तोवर तुमचा माणूस पडद्यावर जिवंत झालेला होता, टायरवाल्यानं तो तसाच पुढं नेला. तो मेला, तो उठला, तिसरा बसला. नव्या गेममधी, काका! जिच्यात कोणी उठतच न्हाई म्हणून आपण भांडलो, तिच्यात!

सलीमभाई माझ्याच वयाचा. मी विचारलं, हे काय चाललंय. तो म्हणला, "काका का नाम है, सब खेलते. मर्या तो उठना, काका काच रूल है." मंग त्यानं सगळं सांगितलं. तुमची लेक वारंग्याला दिलेली, तिच्याकडं तुमी दर शनिवारी यायचे, हे मला ठाऊक होतं. पण लेकीकडून परत जाताना तुमी इथं येऊन बसायचे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक डावाला गेमला शिव्या द्यायचे म्हणे. पावलं ऐकू येत नाहीत, बंदूक आहे का लग्नातलं बाशिंग आहे, असलं काहीबाही बोलायचे. आन् मेले की उठायचे. बाकीचे म्हणायचे, काका, दुसरा बसला तर तुमचा नंबर खाली जाईल. तुमी म्हणायचे, जाऊ द्या. मी नंबर बघितला तुमचा. एवढ्या खाली गेलेला नंबर मी माझ्या दुकानात कोणाचा बघितला न्हाई. सगळ्या फाट्यानं मिळून तुमचं नाव मातीत घातलं होतं.

मला एकच विचारायचं होतं. मी विचारलं, काका इथं येऊन राहिले होते, मंग हिंगोलीत काहून येत नव्हते, काही बोलले का कधी.

सलीमभाईनं माझ्याकडं नीट बघितलं. "हिंगोली में मेरा दोस्त है बोले. दुकान है उसकी. तुम लोगां को एक दिन उधर लेके जाता, उसकू दिखाना है. पर पहले अच्छा खेलो बोले, नहीं तो वो हसेगा."

काका, मी तुमाला काका म्हणत राहिलो. तुमी माझ्याबद्दल कोणाला दोस्त म्हणाल असं मला कधी वाटलं न्हाई. मी त्या काचेच्या खोलीत खाली फरशीवर बसलो. लोक म्हणले पाणी द्या, चक्कर आली दिसते.

तुमची लेक अजून नरसीलाच होती, म्हणून त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. तीन-चार शनिवार काका आले न्हाईत, देवळाची पाळी असंल, असंच ते धरून बसले होते. मलाच सांगावं लागलं. सांगताना मला सुचलं की तुमाला नांदेडला नेलं ते ह्याच रस्त्यानं नेलं असणार, ह्याच दुकानासमोरून, पण ते मी बोललो न्हाई. टायरवाल्यानं माउसवरचा हात काढून घेतला. पडद्यावर तुमचा माणूस नुसता उभा राहिला. कोणीतरी दुरून येऊन त्याला मारलं, तो पडला, परत उभा झाला, परत उभाच. कोणी त्याला हात लावेना.

सलीमभाई हळूच म्हणला, "बंद कर दूँ? गुजरे हुए आदमी का नाम ऐसा चलाना, अच्छा नहीं लगता." सगळे माझ्याकडं बघून राहिले. हिंगोलीचा दोस्त तो मीच, मंग मीच सांगायचं.

तुमी काय म्हणले असते ते मला पाठ आहे. मेला तो मेला. मेलेला परत आला तर मरण्याला अर्थ काय आन् मंग जगण्यालाही काय. पोलंडच्या त्या माणसानं हेच सांगितलं असतं, ती जगभरची जुनी मंडळी हेच म्हणली असती. तुमच्या हिशेबानं ते नाव तिथंच, त्याच येळी बंद करायला पाहिजे होतं. तुमी तोंडावर रुमाल धरून माझ्यामागं उभे असल्यासारखं वाटून राहिलं होतं मला, आन् तुमाला बोलायची बंदी होती.

मी सलीमभाईला म्हणलं, "चालू राहू द्या."

मंग मीच बसलो तुमच्या नावावर. दोन मिनिटांत मेलो. उठलो, मागं उभा राहिलो. ड्रायव्हर बसला.

परत आल्यावर मी काकूंना सांगून आलो, की तुमी माझ्यावर रागावून गेले नव्हते, येणार होते. त्या डोळ्याला पदर लावून हसल्या. म्हणल्या, शनिवारी लेकीकडून यायला एवढा उशीर काहून होतो, ते आता कळलं. दुकानात मी नव्या गेमलाही तुमचा नियम लावला. गजूनं फोनवर ऐकलं आन् म्हणला, कोण पाळणार, नंबर जातो. दोघं-तिघं दुसऱ्या कॅफेत गेलेही. पण मागं उभे राहणारे जे यायचे बंद झाले होते त्यांतले चार जण काल संध्याकाळी आले होते. जुनी गेमही आहे तशीच आहे. म्हणजे तुमी जिंकले असं समजू नका. नियम तुमचा खरा निघाला, एवढंच. मेलेल्यानं परत येऊ नये, हे मी अजून कबूल केलेलं न्हाई.

आज दुपारी मी खेळायला बसलो तर तुमचं नाव पुन्हा लागलेलं. फाट्यावरचा कोणी असणार, भर मैदानात उभा, माझ्याकडं पाठ. माझ्या बोटाखाली बटन होतं आन् बोट हलेना. मंग आठवलं, एकदा गजूनं मोठेपणा म्हणून तुमाला मुद्दाम सोडून दिलं होतं तर तुमी आठ दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. सोडून दिलेलं तुमाला खपायचं न्हाई. मी नेम धरला आन् मारलं. पडद्यावर तुमी पडले. मी माउस सोडला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आन् वाट बघत बसलो.

पाच सेकंदांनी तुमी परत आले.